कच्चा फोटो

"माझा तीळ परत लावून द्या," बेकरीवाला म्हणाला आणि पत्ते टाकावेत तसे चार छोटे फोटो त्याने काउंटरवर टाकले. रागावलेला नव्हता, उलट थोडा गमतीतच होता. पासपोर्टच्या खिडकीवरच्या माणसाने म्हणे एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा त्याच्या नाकाकडे पाहिलं आणि विचारलं, हा तुमचा भाऊ का? ओळखीची खूण म्हणून नाकाशेजारचा तीळ सांगितलेला, आणि फोटोत नाक कसं धुऊन-पुसून ठेवलेलं. "बायको म्हणाली, फोटो छान आलाय. मी म्हटलं, छान आलाय खरा, पण कोणाचा आलाय?" स्टुडिओचा मालक हसला आणि आतल्या खोलीकडे तोंड करून त्याने हाक मारली, "पुसऱ्या, बाहेर ये. यांचं काय घेतलंयस ते परत दे."

पुसऱ्या हे काही त्याचं खरं नाव नव्हे, पण स्टुडिओत त्याला दुसऱ्या नावाने कोणी हाक मारल्याचं त्याला स्वतःलाही आठवत नव्हतं. फोटोतले डाग, मुरमं, सुरकुत्या, डोळ्यांखालचे खड्डे पुसणं हे त्याचं काम. आतल्या खोलीला खिडकी नव्हती. बाहेर ऊन आहे की पाऊस हे त्याला गिऱ्हाइकांच्या चेहऱ्यांवरून कळायचं. हे काम त्याला शिकवलं ते मामांनी. ते कोणाचेच मामा नव्हते, तरी सगळ्यांचे होते, आणि त्यांचे दोन नियम होते. आधी डाग, मग चेहरा. म्हणजे फोटो उघडला की पहिल्यांदा काय खटकतंय ते काढायचं, माणूस कोण आहे ते नंतर बघायचं. आणि दुसरा, कच्चा फोटो ठेवायचा नाही. गिऱ्हाइकाने एकदा कच्चा पाहिला की पक्का त्याला खोटा वाटायला लागतो, म्हणून काम झालं की त्याच संध्याकाळी मूळ फोटो उडवून टाकायचा. मामा गेले, काचेच्या निगेटिव्हवरचं काम गेलं, ब्रश गेले, स्क्रीन आली, पण नियम राहिले. जित्याची खोड म्हणतात ती ही. तेव्हा बेकरीवाल्याचा तीळ परत लावायचा तर तो आता जगात एकाच ठिकाणी होता, बेकरीवाल्याच्या नाकाशेजारी. पुसऱ्याने त्याला स्टुलावर बसवलं, दिवा लावला आणि जवळ जाऊन पाहायला लागला. हजारो तीळ त्याने घालवले होते, पण असा थांबून एकही पाहिला नव्हता. त्याला वाटलं होतं काळा ठिपका असेल. तो काळा नव्हता, गडद तपकिरी होता, थोडा उचललेला, कडेला एक फिकट कंगोरा आणि मधोमध एकच केस, मालकी हक्काने उभा असल्यासारखा. "किती वर्षं आहे हा?" त्याने विचारलं. "जन्मापासून. आजोबांनाही इथेच होता," बेकरीवाला म्हणाला, आणि मग जरा बावचळून, "का हो? काही वाटतंय का?" "छे, सहज," पुसऱ्या म्हणाला. पण सहज नव्हतं ते. त्याला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. फोटो काढून, काहीही न पुसता त्याने तो छापून दिला, आणि शर्टाची बटणं न लावता रस्त्यावर आल्यासारखं त्याला दिवसभर वाटत राहिलं.

घरी जाताना बसमध्ये त्याला एक चाळाच लागला. समोरच्या माणसाचा उजवा हात डाव्यापेक्षा काळवंडलेला; हा दिवसभर ट्रकच्या खिडकीवर हात टाकून गाडी चालवत असणार. पलीकडच्या बाईने तोंडाला, मानेला, कपाळाला ओढणी अशी घट्ट गुंडाळलेली की फक्त डोळे दिसावेत, आणि पायांकडे कोणाचं लक्षच नाही. चपलेचे पट्टे पायांवर जसेच्या तसे उमटलेले, पट्ट्यांखालची कातडी गोरी, बाजूची भाजलेली. एकाने घड्याळ काढून खिशात ठेवलेलं, मनगटावर घड्याळाची पांढरी जागा मात्र तशीच. बसच्या उन्हाच्या बाजूच्या जागा रिकाम्या होत्या आणि सावलीच्या बाजूला लोक उभे होते, त्याचं त्याला एकदम हसू आलं. म्हणजे कळतं सगळ्यांना, फक्त जागा बदलण्यापुरतं. त्याला वाटलं, ऊनही फोटोच काढत असतं की, फक्त सावकाश. आणि ते आपल्यासारखं कच्चा फोटो उडवून देत नाही. त्याने आपल्या हातांकडे पाहिलं. बिनखिडकीच्या खोलीतले हात, तळघरात फुटलेल्या बटाट्याच्या कोंबांसारखे फिके. आपल्यावर काहीच छापलेलं नाही, याचं त्याला बरं वाटावं की वाईट, ते ठरेना.

बायको त्याच्याआधी आलेली असायची. ती शाळेत खेळ शिकवायची आणि मुलांनी तिचं नाव शिट्टीबाई ठेवलं होतं. ते इतकं चपखल होतं, की घरात तोही तिला तसंच म्हणायचा. मोरीच्या दाराशी पाय धूत ती वाकली होती, केस वर बांधलेले. मानेभोवती एक बारीक फिकट रेघ होती, शिट्टीच्या दोरीची. तिचा एकही फोटो त्याने त्या रेघेसकट कोणाला दिला नव्हता. मानेचा रंग सारखा करून घ्यायचा हे हाताला पाठ झालेलं. आणि डाव्या कानाच्या पाळीखाली, जबड्याच्या काठावर, तो तीळ. तीळ होता हे त्याला माहीत होतं. इतक्या वेळा पुसलाय म्हटल्यावर माहीत नसून कसं चालेल? पण आज बेकरीवाल्याच्या तिळाने डोळे उघडल्यासारखे झाले होते, आणि हा तीळ तसा नव्हता. याची एक बाजू गोल होती आणि दुसरी कागद ओला होऊन फाटावा तशी. रंग एक नव्हता. तपकिरी, त्यात एका टोकाला काळं, आणि खालच्या अंगाला निळसर म्हणावं असं काहीतरी. "असा बघतोयस काय? नवीन आहे का मी?" ती म्हणाली. "हा तीळ असाच होता का गं?" "कुठला?" तिने हात लावून पाहिला. "हा होय. जन्मापासून आहे. आईलाही होता." "पण असाच होता?" "असाच म्हणजे कसा? तीळ काय दर वर्षी कपडे बदलतो का?" तिने टॉवेल खांद्यावर टाकला आणि आत गेली. त्याच्या मनात मात्र शंकेची पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

तिला डॉक्टरांकडे न्यायला त्याला बरंच डोकं लढवावं लागलं. शाळेचे वार्षिक खेळ तोंडावर आले होते आणि अशा वेळी शिट्टीबाईंना स्वतःच्या तापासाठीही सवड नसे. शेवटी तो म्हणाला, मला स्वतःला दाखवायचंय, एकट्याला भीती वाटते, चल. ही थाप तिला कळली असावी, पण ती आली. त्वचेच्या डॉक्टरीणबाई वयाने लहान, बोलायला सावकाश. दिवा असलेलं एक भिंग त्यांनी तिळावर टेकवलं आणि त्या इतका वेळ पाहत राहिल्या, की पुसऱ्याला वाटलं, ही बाई आपल्याच जातकुळीतली, फक्त ही पुसायला बघत नाही. "काम काय करता?" "शाळेत खेळ घेते." "म्हणजे उन्हात." "मैदानावर चांदणं कुठून आणायचं?" बायको म्हणाली. डॉक्टरीणबाई हसल्या. टोपी घालता का, बाह्या लांब असतात का, उन्हाचं क्रीम लावता का, असं एकेक विचारत गेल्या आणि प्रत्येक प्रश्नाला तिने नाही म्हणून मान हलवली. मुलांना तिने टोपी सक्तीची केली होती, विसरलेल्याला सावलीत बसवायची. स्वतः मात्र उघड्या डोक्याने. मुलांना माझा चेहरा दिसायला हवा, असं तिचं म्हणणं. आणि शर्यत संपते तिथे ती नेहमी एकाच जागी उभी राहायची, दुपारचं ऊन डाव्या बाजूने तोंडावर येईल अशी, कारण मग पळत येणाऱ्या मुलांच्या डोळ्यांवर ते येत नाही. हे ती अभिमानाने सांगत होती, आणि सांगता सांगता तिचा हात आपसूक डाव्या जबड्याकडे गेला. "आमच्यासारख्या सावळ्या कातडीला उन्हाचं काही होत नाही," ती जरा नेटाने म्हणाली. "कमी होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "होत नाही असं नाही. आणि सावळ्या लोकांना ऊन न लागणाऱ्या जागीही होतं. तळवे दाखवा. नखं पण." मग त्यांनी भिंग खाली ठेवलं. कडा सारखी नाही, रंग दोन-तीन आहेत, माझं मत विचाराल तर हा काढून तपासायला पाठवू, कॅन्सर असेलच असं नाही, पण असला तर लवकर सापडलेला बरा. "जन्मापासून आहे हो तो," बायको म्हणाली. "असेल. पण वाढलाय का, बदललाय का, हे महत्त्वाचं." आणि त्या पुसऱ्याकडे वळल्या. "तुम्ही सांगा. तुम्ही तर रोज बघता ना?"

रोज पाहत होता खरा. एकाच ताटाच्या दोन बाजूंना बसून, एकाच उशाशी. त्याने डोळे मिटून तिचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला. लग्नाआधीचा, बागेच्या बाकावरचा. पाय मोडून महिनाभर अंथरुणावर होती तेव्हाचा. आई गेली तेव्हाचा, रडून सुजलेला. प्रत्येक आठवणीत जबडा साफ होता. मामांनी हाताला लावलेली सवय हातातच राहिली असं त्याला वाटत होतं, ती डोक्यातही शिरली होती. "नाही सांगता येत," तो म्हणाला, आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टरीणबाई त्याच्यावर चिडल्या नाहीत. पुढच्या आठवड्यातली तारीख त्यांनी दिली, तोपर्यंत एखादा जुना फोटो मिळाला तर आणा म्हणाल्या. जिना उतरताना बायको म्हणाली, "ऐक. फोटोत तीळ असाच असला तर मी काही कापून घ्यायला जाणार नाही. खेळ झाल्यावर बघू. आणि बदललेला असला, तर तू म्हणशील तेव्हा जाईन. बास?" "बास," तो म्हणाला. जुना फोटो काढणं म्हणजे फोटोच्या धंद्यातल्या माणसाला काय अवघड?

घरी येऊन त्याने पहिल्यांदा लग्नाचे फोटो काढले. तिला भेट म्हणून त्याने ते सगळे नव्याने साफ केले होते, तीन रविवार खपून. जबडा कसा नितळ. मग शाळेचे दरवर्षीचे गट-फोटो. ते काम त्यांच्याच स्टुडिओकडे, मुलं, बाई, शिपाई, सगळे त्याच्याच हाताखालून गेलेले. वाढदिवस, सहली, कोणाकोणाची बारशी. नितळ, नितळ. सासुरवाडीच्या भिंतीवरचा मोठा फोटो तर त्याच्या कामाचा नमुना म्हणून लोक बघायला यायचे. कच्चे कुठेच नव्हते, कारण नियम म्हणजे नियम. तिच्या फोनमध्ये मुलंच मुलं, ती स्वतः कायम फोनच्या मागे. मेव्हणीला विचारलं तर तिने ढीगभर फोटो पाठवले; पण तिच्या फोनमध्ये यंत्राचाच एक पुसऱ्या बसलेला होता, तो फोटो काढतानाच सगळ्यांचे गाल पीठ चोपडल्यासारखे करून ठेवायचा. आयुष्यात पहिल्यांदा पुसऱ्याला दुसऱ्या पुसऱ्याचा राग आला. मग त्याने आठवणींवर भरवसा ठेवून पाहिला. ती एकदा म्हणाली होती का, हा तीळ खाजतो म्हणून? म्हणाली होती, असं वाटायचं. मग वाटायचं, ते आपणच आता रचतोय. पार्लरवालीने केस कापताना कधी काही म्हटलं असेल का तिला? तिची आई असती तर सांगू शकली असती. अख्ख्या घरात त्या एवढ्याशा जागेला साक्षीदार म्हणून कोणी नव्हतं, आणि जो असायला हवा होता त्यानेच तो पुरावा रोज थोडा थोडा पुसला होता. भीती होतीच, पण तिच्या बरोबरीने दुसरंही काहीतरी होतं, आणि ते कबूल करायला त्याला लाज वाटायची. त्याला कुतूहल होतं. तो तीळ मुळात कसा दिसत असेल, हे त्याला पाहायचंच होतं, एखाद्या माणसाला लहानपणी कधी पाहिलं नाही म्हणून चुटपुट लागावी तसं.

मध्ये एकदा त्याने तिच्यासाठी टोपी आणली, चांगली रुंद काठाची, मागे मानेवर कापड सोडलेली. तिने ती डोक्यावर ठेवली, आरशात पाहिलं आणि म्हणाली, "सर्कशीत हत्तीपुढे चालणारा माणूस असतो ना, त्याची दिसते." क्रीमची बाटली हुंगून म्हणाली, "खोबरेल परवडलं." टोपी कपाटावर गेली, बाटली टोपीत गेली. त्याने वाद घातला नाही. वाद घालायला हातात काहीतरी असावं लागतं.

रविवारी दुपारी स्टुडिओ बंद होता. किल्ली घेऊन तो एकटाच गेला, जुन्या डिस्का एकेक लावून पाहत बसला. खरं तर पाहायचं काही उरलं नव्हतं, पण काखेत कळसा आणि गावाला वळसा असं तर होत नाही ना, म्हणून पुन्हा पाहत होता. मेव्हणीच्या नव्या घरातला एक फोटो उघडला. पाचसहा वर्षांपूर्वीचा असेल. बायको मेव्हणीचा नवा कोट घालून खोलीच्या मधोमध उभी, हसणारी, मान थोडी वळवलेली. जबडा नितळ, हे काम किती सुरेख केलंय, असं त्याच्या मनात येऊनही गेलं. तो फोटो बंद करणार, तेवढ्यात त्याचं लक्ष कडेला गेलं. तिथे कपाटाचं दार अर्धवट उघडं होतं, दाराला आतून आरसा होता, आणि आरशात ती होती. डाव्या अंगाने. कोटाची कॉलर, कान, वर बांधलेले केस, मानेवरची शिट्टीची रेघ, आणि कानाच्या पाळीखाली तो. पुसऱ्याने चेहरा साफ केला होता. आरशातल्या बाईकडे त्याचं लक्षच गेलं नव्हतं. आधी डाग, मग चेहरा, पण आरशाचं मामा काही बोलले नव्हते.

त्याला इतका आनंद झाला, की तो खुर्चीवरून उठून त्या बिनखिडकीच्या खोलीत दोन फेऱ्या मारून आला. पुन्हा बसला, मोठं करून पाहिलं. ठिपक्यांच्या चौकटी दिसायला लागेपर्यंत मोठं केलं, मग थोडं लहान. आहे. स्वच्छ दिसतोय. तीळ नव्हे, जुना मित्रच भेटला जणू. त्याने फोन लावला. "सापडला," तो म्हणाला. "अगं, सापडला. तुझ्या बहिणीकडच्या आरशात." "आरशात काय?" "तू. म्हणजे तीळ. मी पुसायचा विसरलो होतो." पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला. ती हसलीही असावी. त्याचा हा लहान मुलासारखा सूर तिला आवडायचा. मग तिने विचारलं, "बरं. कसा होता?"

तेव्हा त्याने पहिल्यांदा तो नुसता पाहिला. म्हणजे सापडला म्हणून नव्हे, कसा आहे म्हणून. मोहरीएवढा होता. गोल, सगळीकडून सारखा गोल, एकाच तपकिरी रंगाचा. काळं टोक नाही, निळसर काही नाही, फाटलेली कडा नाही. असा तीळ लहान पोरीच्या गालावर असता तर आजीने दृष्ट काढली असती. पुसऱ्याच्या हाताखाली माउस होता. एक गोष्ट त्याच्या मनात आली आणि तिने त्याला हादरवलं, कारण ती विचार म्हणून आली नाही, बोटात आली. याच तिळाची कड थोडी वाढवायची, थोडा काळा रंग एका टोकाला, एवढंसं काम, आणि तो आजच्यासारखा झाला असता. मग ती म्हणाली असती, बघ, असाच होता, आणि ते दोघं खेळ संपेपर्यंत, कदाचित त्याच्याही पुढे, सुखाने राहिले असते. डाग घालवायचे म्हणजे माणसाला बरं वाटायला लावायचं, याच कामाचा तर तो पगार घेत होता. "अरे, आहेस ना?" ती म्हणाली. "आहे." "कसा होता, विचारतेय मी." "लहान होता," तो म्हणाला. "किती लहान?" "घरी येतो," तो म्हणाला. "दाखवतो."

त्याने आरशाचा तेवढा भाग मोठा करून छापला, काहीही न करता. रंगही सुधारला नाही. घरी आला तेव्हा ऊन कलत होतं आणि ती खिडकीपाशी उभी होती. त्याने प्रिंट तिच्या हातात दिला. तिने तो उजेडाकडे धरला, मग लांब धरला, मग भिंतीवरच्या आरशासमोर गेली. फोटो काचेवर, आपल्या प्रतिबिंबाशेजारी धरला आणि मान वळवली. फोटोतल्या आरशातली ती आणि या आरशातली ती. दोघी एकाच बाजूला पाहत होत्या, बाजू उलटसुलट करून घ्यायचीही गरज पडली नाही. ती बराच वेळ एकीवरून दुसरीवर पाहत राहिली. रोज सकाळी याच आरशात तिने केस विंचरले होते. पुसऱ्या दाराशीच उभा होता. "मी पण नाही पाहिला," शेवटी ती आरशातूनच त्याला म्हणाली. "तू एकटाच नाहीस."

मग ती स्वयंपाकघरात गेली. नळ सुटला, बंद झाला. ती परत आली तेव्हा तिच्या हातात स्टूल होतं. ते तिने कपाटासमोर ठेवलं, वर चढली आणि हात लांब करून चाचपडायला लागली. "डॉक्टरीणबाईंनी कुठली तारीख दिलीय?" तिने विचारलं. "बुधवार." "सकाळची आहे का? सकाळी मैदानात पोरं असतात, दुसऱ्या बाईंना सांगावं लागेल." "सकाळची." "बरं," ती म्हणाली, आणि जरा थांबून, आवाज अगदी नेहमीसारखा ठेवून, "ती हत्तीवाली टोपी कुठे गेली रे? इथेच तर टाकली होती."